संगणकाच्या मेंदूचे शुद्धिपत्र

छापून झालेल्या पुस्तकात चूक आढळली तर ती कशी दुरुस्त करतात, हे शिक्षक बंधुभगिनींना मुद्दाम सांगायला नको. पुस्तकाच्या हजारो प्रती बांधून, गठ्ठे होऊन गावोगाव गेलेल्या असतात. त्या परत मागवून नव्याने छापणे कोणाला परवडणार? मग एक लहानशी चिठ्ठी छापतात. अमुक पानावर, अमुक ओळीत ‘आठ’ आहे तिथे ‘ऐंशी’ असे वाचावे, एवढाच तिच्यावर मजकूर. पुस्तक होते तसेच राहते. पण चिठ्ठी जवळ ठेवून वाचणारा चुकत नाही. हिलाच आपण शुद्धिपत्र म्हणतो.

संगणकाच्या मेंदूची गोष्टही अशीच आहे. या मेंदूला प्रोसेसर म्हणतात. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोट्यवधी, आताच्या यंत्रांत तर अब्जावधी, सूक्ष्म विद्युत्-कळा कोरलेल्या असतात. हा तुकडा एकदा कारखान्यातून बाहेर पडला की त्यावरचे कोरीवकाम बदलता येत नाही. आणि माणसाच्या कोणत्याही मोठ्या कामात चूक राहते, तशी इथेही राहते. इंटेल आणि एएमडी या कंपन्या आपल्या प्रोसेसरांतील माहीत झालेल्या चुकांच्या याद्या स्वतःच प्रसिद्ध करतात, आणि एकेका प्रोसेसरची यादी कित्येकदा शंभरीच्याही पुढे जाते.

मग विकल्या गेलेल्या, कोणाच्या कचेरीत किंवा शाळेत बसलेल्या प्रोसेसरातील चूक दुरुस्त करायची कशी? त्यासाठी काढलेली युक्ती म्हणजे मायक्रोकोडचे शुद्धिपत्र. लिनक्स या संगणक-प्रणालीवर ते कसे लावले जाते, आणि शाळेच्या कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या संगणकालाही त्याची गरज का असते, ते आज आपण पाहू.

हुकूम एक, कामे अनेक

मायक्रोकोड म्हणजे काय? जुन्या काळच्या चावडीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मामलेदार कचेरीतून तलाठ्याला हुकूम येई, ‘अमुक जमिनीचा उतारा द्या.’ हुकूम चार शब्दांचा. पण तलाठी काय करी? दप्तर सोडी, त्या जमिनीचे पान शोधी, नोंद उतरवून घेई, मूळ नोंदीशी ताडून पाही आणि मग सही-शिक्का करी. ही कामे कोणत्या क्रमाने करायची, हे हुकमात लिहिलेले नसे. ते कामाच्या पद्धतीत ठरलेले असे.

प्रोसेसरचेही असेच आहे, बघा. बाहेरून त्याला एक हुकूम मिळतो. साधा हुकूम असेल, जसे ‘या दोन संख्यांची बेरीज कर’, तर तो थेट कोरीवकामातूनच पार पडतो. पण हुकूम गुंतागुंतीचा असला की प्रोसेसर त्याचे लहान लहान तुकडे करतो आणि ते ठरलेल्या क्रमाने उरकतो. हा क्रम प्रोसेसरच्या पोटातच एका छोट्या कोठारात लिहून ठेवलेला असतो. त्या लिखाणाचे नाव मायक्रोकोड.

ही कल्पना आजकालची नाही. १९५१ साली केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी ती मँचेस्टर येथील परिषदेत मांडली. १९५८ साली कामाला लागलेल्या एडसॅक-२ या यंत्रात ती प्रत्यक्षात उतरली, आणि १९६४ मध्ये आयबीएम कंपनीने जाहीर केलेल्या सिस्टिम-३६० या यंत्रमालेने तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. विल्क्स यांचा मुद्दा सरळ होता. सगळेच तारांनी बांधून टाकले तर यंत्र गुंतागुंतीचे होते आणि त्याचा आराखडा बदलणे अवघड जाते. कामाचा क्रम लिहून ठेवला, तर आराखडा आटोपशीर राहतो.

एका भागाकाराची किंमत

पोटातली चूक बाहेरून दुरुस्त करता आली नाही तर काय होते, याचे एक उदाहरण गणिताच्या शिक्षकांना विशेष रुचेल. अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. जुळ्या मूळ संख्या, म्हणजे ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्या, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९९४ साली त्यांच्या आकडेमोडीत मेळ बसेना. त्यांनी एकेक शक्यता तपासून बाजूला सारली आणि शेवटी बोट ठेवले ते खुद्द प्रोसेसरवर. इंटेलचा पेंटियम प्रोसेसर काही विशिष्ट भागाकार चुकवीत होता.

४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२ च्या आसपास यायला हवे. त्या पेंटियमवर ते १.३३३७४ येई. चौथ्या दशांशस्थानाची चूक! दुकानदाराला ती कदाचित दिसलीही नसती; पण पुलाचे किंवा औषधाचे गणित करणाऱ्याचा तिने घात केला असता. कारण असे निघाले, की भागाकारासाठी प्रोसेसरमध्ये जो तक्ता बसवला होता, त्यातील पाच नोंदी भरायच्याच राहून गेल्या होत्या. कागदावरच्या तक्त्यात त्या पाच जागा आपण पेन्सिलीने भरल्या असत्या. सिलिकॉनमध्ये भरणार कशा? डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलला मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर करावे लागले, आणि त्यापायी सुमारे ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भुर्दंड बसला.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, आलेल्या पेंटियम प्रो या प्रोसेसरमध्ये शुद्धिपत्र लावायची सोय होती. मूळ मायक्रोकोड कायम कोरलेलाच; पण त्याच्या शेजारी थोडी मोकळी जागा ठेवलेली. तिथे दुरुस्तीचा मजकूर भरायचा आणि प्रोसेसरला सांगायचे, ‘अमुक पायरीला आलास की जुना मजकूर वाचू नकोस, हा वाच.’ त्या काळी हा सारा मजकूर २०४८ बाइटांत बसत असे. आता तो वाढला आहे, पण जागा मर्यादितच असते. म्हणून प्रत्येक चूक या मार्गाने सुधारता येते असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

रोज सकाळी नवी चिठ्ठी

आता या शुद्धिपत्राचा एक विलक्षण गुण सांगायचा आहे. ती मोकळी जागा वीज आहे तोवरच मजकूर धरून ठेवते. संगणक बंद केला की पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी प्रोसेसर उठतो तो जुन्या चुकीसकट. म्हणून हे शुद्धिपत्र दर वेळी, संगणक सुरू होतानाच, नव्याने लावावे लागते.

ते कोण लावतो? दोघे. पहिला म्हणजे संगणकाच्या मुख्य फळीवर, ज्याला मदरबोर्ड म्हणतात त्यावर, बसलेला बायोस. यंत्र सुरू झाले की सर्वांत आधी तो जागा होतो आणि त्याच्यापाशी असलेले शुद्धिपत्र प्रोसेसरला देतो. अडचण अशी, की बायोसजवळचे शुद्धिपत्र ताजे ठेवणे हे फळी बनवणाऱ्या कंपनीच्या हाती असते, आणि संगणक चार-सहा वर्षांचा झाला की बहुतेक कंपन्या नवा बायोस काढायचे थांबतात. आपल्या शाळांतले संगणक बहुधा याच वयाचे किंवा त्याहून जुने असतात. म्हणजे ज्यांना शुद्धिपत्राची गरज अधिक, त्यांच्याच दारी ते पोचत नाही!

इथे दुसरा कामगार उपयोगी पडतो. तो म्हणजे लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ही प्रणाली सुरू केली. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नल स्मृतीत चढतो तेव्हा त्याच्याबरोबर प्रारंभीच्या सामानाचे एक गाठोडे येते, आणि त्या गाठोड्याच्या अगदी तोंडाशी मायक्रोकोडची फाईल ठेवलेली असते. कर्नल जागा होताच प्रोसेसरला विचारतो, तुझे कुल कोणते, नमुना कोणता, घडण कितवी आणि सध्या तुझ्याजवळ कितव्या क्रमांकाचे शुद्धिपत्र आहे? उत्तराशी जुळणारे अधिक नवे शुद्धिपत्र गाठोड्यात असेल तर ते देतो. बायोसने दिलेलेच नवे असेल तर त्याला हात लावीत नाही. मागून आला म्हणून जुना कागद नव्यावर चिकटवायचा, असा कारभार इथे नसतो.

हे काम इतक्या पहाटे का करायचे? वर्ग सुरू झाल्यावर, मुले निम्मे गणित सोडवून बसली असताना, ‘आज हे सूत्र वापरायचे नाही’ असे सांगितले तर वर्गात काय गोंधळ उडेल, याची कल्पना आपल्याला आहेच. नेमके असेच एकदा घडले. इंटेलच्या काही प्रोसेसरांत टीएसएक्स नावाचे हुकूम होते. त्यांत दोष सापडला, म्हणून २०१४ मध्ये कंपनीने शुद्धिपत्र काढून ते हुकूमच बंद केले. चालू असलेल्या संगणकावर मधेच ते लावले, तेव्हा आधीपासून ते हुकूम वापरीत असलेले प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळले. म्हणून आता लिनक्समध्ये चालू यंत्राला मधेच शुद्धिपत्र लावायची वाट मुळात बंदच ठेवतात. २०२२ मधील ५.१९ या आवृत्तीपासून हा शिरस्ता पडला. ज्याला ती वाट उघडायचीच असेल त्याने जाणूनबुजून, आपल्या जबाबदारीवर उघडावी.

चहाचा ओला कप

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेत कुठे जुळ्या मूळ संख्यांचा हिशेब चालतो? भागाकार थोडा इकडेतिकडे झाला तर काय बिघडले? पण अलीकडची बहुतेक शुद्धिपत्रे निघतात ती गुपिते फुटू नयेत म्हणून. हे जरा समजून घेऊ.

स्टँडवरच्या हॉटेलात रोजचे गिऱ्हाईक दुरून दिसले, की पोऱ्या न सांगता चहा ओतायला घेतो. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचतो. चुकला तर चहा परत किटलीत. पण कप ओला झालेला असतो! तेवढ्यावरून चाणाक्ष माणूस ओळखतो, की इथे कोणासाठी तरी चहा ओतला होता. आजचे प्रोसेसर वेगासाठी असेच अंदाजाने पुढचे काम करून ठेवतात आणि अंदाज चुकला तर ते टाकून देतात. पण ओला कप मागे राहतो. ३ जानेवारी २०१८ रोजी स्पेक्टर आणि मेल्टडाऊन या नावांचे दोष जगजाहीर झाले, ते या ओल्या कपावरून गुपित ओळखण्याचेच प्रकार होते. मेल्टडाऊनवरचा उपाय मुख्यतः कर्नलमध्येच करता आला; स्पेक्टरच्या एका प्रकाराला मात्र मायक्रोकोडच्या नव्या शुद्धिपत्राची जोड द्यावी लागली.

त्यानंतर अशी प्रकरणे येतच राहिली. जुलै २०२३ मध्ये एएमडीच्या झेन-२ घराण्यातील झेनब्लीड, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीतील डाऊनफॉल. दोन्हींत एका प्रोग्रॅमचे गुपित दुसऱ्याच्या हाती लागण्याचा धोका होता. शाळेच्या संगणकावर काय असते, ते आठवा. यू-डायसची माहिती, मुलांची नावे आणि आधार क्रमांक, शिक्षकाच्या बँकेचा पासवर्ड. त्याच यंत्रावर मुलांनी कुठूनतरी उतरवलेला खेळही चालतो. हे शेजार तसे बरे नव्हे.

या दुरुस्तीची किंमतही मोजावी लागते, हे लपवू नये. अंदाज बांधू नकोस असे सांगितले की काम मंदावते. डाऊनफॉलच्या शुद्धिपत्राने काही विशिष्ट कामांचा वेग निम्म्यापर्यंत घटू शकतो, असे खुद्द इंटेलने सांगितले होते. पत्रे लिहिणे, तक्ते भरणे, धडे दाखवणे अशा आपल्या कामांत तो फरक बहुधा जाणवतही नाही.

शुद्धिपत्रालाही शुद्धिपत्र

आता कोणी विचारील, शुद्धिपत्रातच चूक असली तर? प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरवरचे शुद्धिपत्र घाईने निघाले आणि इंटेलचे काही प्रोसेसर त्यामुळे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. २२ जानेवारीला इंटेलनेच ते लावणे थांबवा असे सांगितले. लिनक्स पुरवणाऱ्या संस्थांनी ते मागे घेतले आणि पुढे सुधारलेले आले. इथे पाटी कोरी होण्याचा गुण कामी येतो. शुद्धिपत्र काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू केले की प्रोसेसर पूर्वस्थितीला. कायमचे काही बिघडलेले नसते.

दुसरा प्रश्न. खोटे शुद्धिपत्र कोणी लावले तर? त्यासाठी प्रत्येक शुद्धिपत्रावर कंपनीची गणिती मोहोर असते, आणि मोहोर जुळल्याखेरीज प्रोसेसर ते स्वीकारीत नाही. पण मोहोरही कच्ची असू शकते. २०२५ च्या आरंभी गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले, की एएमडीच्या झेन घराण्यातील पहिल्या कित्येक पिढ्यांची मोहोर नकली बनवता येते. मोहोरेसाठी वापरलेली किल्ली एका सरकारी प्रमाणपत्रिकेत नमुना म्हणून छापलेली होती! त्यांनी नकली शुद्धिपत्र लावून गंमत केली. प्रोसेसरकडे मनाला येईल ती संख्या मागितली की तो दर वेळी चारच सांगे. एएमडीने मोहोरेची तपासणी सुधारली, आणि लिनक्सनेही आपल्या बाजूने माहीत असलेल्या खऱ्या शुद्धिपत्रांशी ताडून पाहायची व्यवस्था केली. असे नकली शुद्धिपत्र लावायला आधी त्या यंत्राचा पूर्ण ताबा हाती असावा लागतो, हे मात्र ध्यानात घ्यावे. यंत्राची मुख्य किल्ली, म्हणजे रूट नावाच्या खात्याचा पासवर्ड, वर्गाच्या फळ्यावर लिहू नये तो यासाठी.

आणखी एक मर्यादा. शुद्धिपत्र पुढची चूक टाळते, झालेली झीज भरून काढीत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त विद्युत्-दाब मागून घेत आणि त्याने खराब होत. २०२४ मध्ये कंपनीने त्यावर शुद्धिपत्रे काढली. पण जे आधीच झिजले होते, ते बदलूनच द्यावे लागले.

प्रत्यक्षात काय करावे

आता कामाचे बोलू. आपल्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर पुढील गोष्टी कराव्यात. नववी-दहावीची दोन चौकस मुले बरोबर घ्यावीत.

पहिली गोष्ट, प्रोसेसर कोणता ते पाहावे. लिनक्सच्या टर्मिनल खिडकीत ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहिली की इंटेल की एएमडी ते समोर येते. ही सारी हकिकत या दोन कुलांची आहे. आपल्या खिशातील मोबाईलचा प्रोसेसर बहुधा निराळ्या कुलातला असतो, त्याची रीत वेगळी.

दुसरी गोष्ट, सध्याच्या शुद्धिपत्राचा क्रमांक टिपून ठेवावा. ‘प्रॉक’ या फोल्डरात ‘सीपीयूइन्फो’ नावाची फाईल असते. तिच्यात मायक्रोकोड या शब्दापुढे तो क्रमांक लिहिलेला असतो.

तिसरी गोष्ट, शुद्धिपत्रांचा संच बसवावा. उबुंटू आणि डेबियन यांवर त्याचे नाव ‘इंटेल-मायक्रोकोड’ किंवा ‘एएमडी६४-मायक्रोकोड’ असे असते. फेडोरावर इंटेलसाठी ‘मायक्रोकोड-सीटीएल’. उबुंटूवर तो बहुधा आधीच असतो. डेबियनने २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून अशा संचांसाठी निराळा कप्पा केला आहे, तो चालू आहे ना ते पाहावे. एएमडीच्या घरगुती प्रोसेसरांची बरीच शुद्धिपत्रे बायोसमधूनच येतात, तेव्हा फळीच्या कंपनीने नवा बायोस काढला असल्यास तोही घ्यावा. बायोस बदलताना मात्र वीज जाऊन चालत नाही. भारनियमनाची वेळ टाळावी आणि हे काम जाणकारासमोर करावे.

चौथी गोष्ट, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि तोच क्रमांक परत पाहावा. वाढला असेल तर शुद्धिपत्र लागले. वाढला नसेल तर घाबरू नये. एक तर आधीचेच ताजे होते, नाहीतर त्या जुन्या प्रोसेसरसाठी कंपनीने नवे काढणे थांबवले आहे. कोणत्या दोषावर उपाय झाला आणि कोणता दोष उघडा आहे, याची यादी लिनक्स ‘व्हल्नरेबिलिटीज’ या फोल्डरात स्वतःच ठेवतो. दोष उघडा राहिला असेल तर त्या यंत्रावर बँकेचे आणि आधारचे काम करू नये. मुलांच्या सरावासाठी ते खुशाल वापरावे.

पाचवी गोष्ट, शुद्धिपत्र लागल्यावर यंत्र सुरूच होईना, असे क्वचित घडले तर सुरुवातीच्या यादीत कर्नलला ‘डिस-यूकोड-एलडीआर’ ही सूचना देता येते. मग लिनक्स त्या खेपेपुरते शुद्धिपत्र लावीत नाही. या सूचनेत शब्दांच्या मध्ये आडवी रेघ येते ती खालच्या बाजूची, एवढे सांभाळावे.

एक मतभेदही सांगितला पाहिजे. लिनक्सचा मजकूर कोणीही वाचावा, तपासावा असा खुला असतो. मायक्रोकोडचे शुद्धिपत्र तसे नसते. ते कंपनीचे बंद पाकीट असते. म्हणून खुलेपणाचा कडवा आग्रह धरणारे काही लोक ते आपल्या प्रणालीत ठेवीत नाहीत. त्यांच्या तत्त्वाचा मान ठेवूनही एवढे म्हणावेसे वाटते, की प्रोसेसरच्या पोटातला मूळ मायक्रोकोडही बंदच असतो. पाकीट नाकारले तर पोटातला मजकूर खुला होत नाही, फक्त जुनी चूक तशीच राहते.

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात संगणकाचा क्रमांक, किंमत आणि खरेदीची तारीख लिहिलेली असतेच. निराळ्या वहीत एक रकाना शुद्धिपत्राच्या क्रमांकाचा आणि एक तो पाहिल्याच्या तारखेचा आखावा. दर सत्राच्या आरंभी मुलांकडून तो भरून घ्यावा. त्याला दहा मिनिटे पुरतात आणि खर्च काही नाही. यंत्राचीही चूक होते, ती शोधता येते आणि कबूल करून सुधारता येते, हा धडा मुलांना त्यातून आपोआप मिळेल.